पूडलचे पिल्लू शिकते कसे?

'आमचं पिल्लू काही शिकतच नाही,' अशी तक्रार कुत्रे पाळणाऱ्या घरांमधून नेहमी ऐकू येते. तक्रार करणाऱ्यांना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. पिल्लाच्या खाण्याचा डबा उघडल्याचा आवाज आला की ते काय करते? उत्तर ठरलेले असते, 'कुठेही असो, धावत येतं!' आता हा आवाज ओळखायला त्याला कोणी शिकवले? कोणीच नाही. खुंटीवरचा पट्टा काढला की बाहेर जायचे असते, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारल्या की लाड होतात, जेवणाच्या टेबलापाशी भुंकले की काहीतरी पदरात पडते, हेही त्याला कोणी मुद्दाम शिकवलेले नसते. तेव्हा पिल्लू शिकत नाही हे खरे नव्हे. ते दिवसभर शिकतच असते. आपण शिकवू पाहतो ते आणि पिल्लू प्रत्यक्षात शिकते ते, यांत मात्र पुष्कळदा अंतर पडते. हे अंतर का पडते, ते आपण पाहू.

उदाहरणासाठी आम्ही पूडल ही जात निवडली आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या शहरांतील सदनिकांमध्ये हे कुरळ्या केसांचे कुत्रे बरेच दिसू लागले आहे. ते दिसते खेळण्यासारखे, पण मूळचे आहे कष्टकरी. 'पूडल' हे नाव पाण्यात डुंबणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले. फ्रेंच भाषेत त्याला 'कानिश' म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ बदकात आहे. शिकाऱ्याने टिपलेले बदक पाण्यातून पोहत जाऊन तोंडात धरून आणून देणे, हे याचे मूळ काम. पोहताना अडचण नको म्हणून अंगावरचे केस कापायचे आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तेथले ठेवायचे, यातून त्याची ती प्रसिद्ध केशभूषा आली असे सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार खांद्यापर्यंतच्या उंचीवरून त्याचे चार आकार मानतात. सर्वांत मोठा ४५ ते ६० सेंटिमीटर आणि सर्वांत लहान 'टॉय' २४ ते २८ सेंटिमीटर. आकार कोणताही असो, वस्तू तोंडात धरून पळण्याची हौस तीच. घरातला एक मोजा नेहमी गायब का असतो, याचे उत्तर या इतिहासात आहे.

पूडल फार हुशार, असेही आपण ऐकतो. ही कीर्ती पसरण्यात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांच्या १९९४ सालच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. अमेरिका व कॅनडातील कुत्र्यांच्या आज्ञापालन स्पर्धांच्या जवळपास दोनशे परीक्षकांची मते गोळा करून त्यांनी जातींची क्रमवारी लावली. तिच्यात बॉर्डर कोली पहिला आणि पूडल दुसरा आला. येथे थोडे थांबायला हवे. ही परीक्षकांची मते आहेत, प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे. शिवाय त्यांतून कळते ते एवढेच, की माणसाने सांगितलेले काम हे कुत्रे थोड्या पुनरावृत्तीत आत्मसात करते. आता हाच गुण उलटा करून पाहा. जे पिल्लू चार वेळांत 'बैस' शिकते, ते चार वेळांत 'भुंकले की पोळी मिळते' हेही शिकणार. हुशार पिल्लाच्या घरात चुकीचे धडेही झटपट पाठ होतात!

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने मध्यम चणीच्या पूडलचे नऊ आठवड्यांचे पिल्लू घरी आणले. पुण्यातील चौथ्या मजल्यावरची सदनिका, आईवडील दोघेही नोकरी करणारे, आजी घरी, मुलगी आठवीत. महिनाभरातच पिल्लू परत देण्याची भाषा सुरू झाली. तक्रारी तीन: घरभर घाण करते, हाताला चावते, आणि जेवताना भुंकून नको करते. हौसेने आणलेली पिल्ले याच तीन कारणांवरून परत केली जातात, किंवा त्याहून वाईट म्हणजे रस्त्यावर सोडली जातात. म्हणून आपणही याच तक्रारी धरून पुढे जाऊ.

त्याआधी थोडे शास्त्र. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकाने भुकेल्या मांजरांना एकेक करून फळ्यांच्या पेटीत कोंडले. पेटीबाहेर खाणे ठेवलेले. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडका देई, आणि केव्हातरी योगायोगाने खटका दाबला जाई. पुन्हा पेटीत घातले की सुटकेला लागणारा वेळ हळूहळू कमी होत जाई. मांजराला 'युक्ती सुचली' असे काही होत नव्हते. ज्या हालचालीनंतर फळ मिळाले ती हालचाल टिकत होती, बाकीच्या गळून पडत होत्या. थॉर्नडाइक यांनी याला परिणामाचा नियम म्हटले. पुढे बी. एफ. स्किनर यांनी हा विचार वाढवला. एखाद्या वर्तनानंतर मिळालेल्या ज्या गोष्टीमुळे ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, तिला ते 'प्रबलक' म्हणत. प्रबलक म्हणजे खाऊच असे नाही. हाक मारणे, मागे धावणे, हात लावणे, एवढेच काय, रागावून ओरडणेसुद्धा प्रबलक ठरू शकते, जर त्या प्राण्याला लक्ष हवे असेल तर. (वर्गात मागच्या बाकावरून आवाज काढणारा विद्यार्थी शिक्षकांना आठवला असेल.)

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. प्रबलक वर्तनाच्या पाठोपाठ, साधारण एका सेकंदात, मिळायला हवे. पिल्लू बसले, आपण 'अरे वा' म्हणत स्वयंपाकघरात गेलो, डबा शोधला, तुकडा आणून दिला, तोवर ते उठून उड्या मारू लागलेले असते. मग बक्षीस कशाचे मिळाले? उड्यांचे. ही अडचण सोडवण्याचा मार्ग स्किनर यांनी १९५१ साली एका लोकप्रिय विज्ञान मासिकातील लेखात सांगितला होता. टिकटिक करणारे एक छोटे खेळणे घ्यायचे आणि टिक वाजले की लगेच खाऊ, असे काही वेळा करायचे. म्हणजे तो आवाजच 'खाऊ आलाच' अशी खूण बनतो. पावलोव यांच्या कुत्र्यांना ठोक्यांचा आवाज ऐकून लाळ सुटत असे, त्यातलेच हे तत्त्व. (पावलोव यांची घंटा फार प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात ते संगीतकारांचे तालयंत्र, शिट्ट्या, दिवे अशी अनेक उद्दीपके वापरत.) घरी खेळण्याचीही गरज नाही. 'छान' हा एकच शब्द, एकाच सुरात, बरोबर त्या क्षणी उच्चारला तरी चालतो. मात्र त्यानंतर खाऊ दिलाच पाहिजे. खाऊ वाटाण्याएवढा पुरे, आणि तो रोजच्या अन्नातूनच काढावा. शिकवण्यासाठी पिल्लाला उपाशी ठेवू नये. टॉय जातीच्या फार लहान पिल्लांत एखादे जेवण चुकले तरी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आता पहिली तक्रार, घरातली घाण. जन्मल्यावर सुमारे दोन-तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आईने चाटल्यावरच प्रतिक्षिप्त क्रियेने ती होते, आणि आईच ती जागा स्वच्छ ठेवते. तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्ले लडबडत झोपायच्या जागेपासून दूर जाऊन हे काम उरकू लागतात. म्हणजे 'झोपतो तेथे घाण नको' ही प्रवृत्ती पिल्लू बरोबर घेऊनच येते. शिकवायचे असते ते इतकेच, की झोपायची जागा म्हणजे सगळे घर. साधारण आठ-नऊ आठवड्यांपासून पायाखालच्या पृष्ठभागाची आवडही पक्की होऊ लागते. माती, गवत, रद्दीचा कागद किंवा पायपुसणे, ज्यावर वारंवार केले ते पसंत पडते. पायपुसण्याची निवड झाली की मग सतरंजी, गालिचा आणि अंथरूणही त्याच्या दृष्टीने त्याच यादीत येते.

आमच्या सांगण्यावरून त्या घरातल्या मुलीने एक वही घातली. पिल्लू केव्हा उठले, केव्हा खाल्ले, केव्हा खेळले आणि शी-शू केव्हा व कोठे केली, एवढ्याच नोंदी. आठवड्याने वही पाहिली तर घरभर, केव्हाही वाटणारी गोष्ट फारच नियमित निघाली. बहुतेक नोंदी झोपेतून उठल्यावर, खाण्यानंतर थोड्या वेळाने आणि खेळ रंगात असताना, अशा तीन ठिकाणी गोळा झाल्या होत्या. त्यामागे शरीरक्रिया आहे. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हे प्रत्येक आईला ठाऊक असते! वेळा कळल्यावर उपाय सोपा झाला. त्या त्या वेळी पिल्लाला उचलून गॅलरीतल्या मातीच्या ट्रेमध्ये ठेवायचे, गप्प उभे राहायचे, काम झाले की तेथल्या तेथे 'छान' आणि खाऊ. घरात येऊन खाऊ दिला तर तो घरात येण्याचा खाऊ होतो. एरवी पिल्लू नजरेसमोर किंवा त्याच्या छोट्या कुंपणात. चुकून झालेली जागा विकरयुक्त द्रावणाने धुवायची. अमोनिया असलेल्या द्रावणाने धुऊ नये, कारण त्याचा वास मूत्राच्या वासाशी जवळचा. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ धरवत नाही. त्याहून जास्त वेळ घरी कोणी नसेल, तर दोष पिल्लाचा नाही.

'पण त्याला कळतं हो!'

येथे प्रत्येक घरात एक वाद होतो. 'त्याला सगळं कळतं. आम्ही घरी आलो की कान पाडून, शेपूट आत घेऊन कोपऱ्यात बसतं. चूक केली हे माहीत असतं, म्हणून तर!' मग त्याचे नाक त्या डागावर घासले जाते, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका बसतो. हे पाहून त्रास होतो, पण केवळ त्रास होतो म्हणून ते चूक ठरत नाही. म्हणून पुरावा पाहू.

न्यूयॉर्कमधील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला समोरचे बिस्किट न खाण्याची आज्ञा द्यायची आणि खोलीबाहेर जायचे. मागे राहिलेला प्रयोगकर्ता कधी बिस्किट कुत्र्याला खाऊ घाली, तर कधी उचलून घेई. मालक परतल्यावर त्याला कुत्र्याने आज्ञा पाळली की मोडली हे सांगितले जाई, आणि ते कधी खरे असे, कधी खोटे. मोडली असे ऐकले तर मालक रागवायचा. आता 'अपराधी चेहरा' केव्हा दिसला? कुत्र्याने बिस्किट खाल्ले होते की नाही, याच्याशी त्याचा संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो दिसे. उलट काही न खाता बोलणी बसलेल्या कुत्र्यांत तो अधिक ठळक होता. म्हणजे तो चेहरा पश्चात्तापाचा नसून 'समोरचा चिडला आहे' याला दिलेला प्रतिसाद आहे.

दुसरा प्रयोग जुना, १९६८ सालचा आहे. रिचर्ड सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी पिल्लांसमोर दोन पदार्थ ठेवले, आवडते मांस आणि साधे कोरडे खाणे. मांसाला तोंड लावले की गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका. पण एका गटाला फटका तत्काळ मिळे, दुसऱ्याला खायला लागल्यावर ५ सेकंदांनी आणि तिसऱ्याला १५ सेकंदांनी. नंतर प्रयोगकर्ता खोलीत नसताना कोण किती काळ मांसापासून दूर राहते ते पाहिले. तत्काळ फटका मिळालेली पिल्ले सुमारे दोन आठवडे दूर राहिली, ५ सेकंदवाली सुमारे आठ दिवस, आणि १५ सेकंदवाली जेमतेम तीन मिनिटे! केवळ १५ सेकंदांचा हा फरक. आपण तर सकाळच्या डागाबद्दल संध्याकाळी सहा वाजता शिक्षा करतो. पिल्लू त्यातून काही शिकत नाही असे मात्र समजू नये. त्याच्या दृष्टीने फटक्याच्या लगेच आधी घडलेली गोष्ट कोणती? दाराची किल्ली फिरली आणि घरचा माणूस आत आला. ते तेच शिकते.

या जुन्या प्रयोगावरून 'मग तत्काळ मारावे' असा निष्कर्ष कोणी काढू नये. पोर्तुगालमधील पोर्तो येथील संशोधकांनी २०२० साली ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओढाताण, झटके, ओरडणे यांवर भर देणाऱ्या प्रशिक्षणवर्गांतील कुत्र्यांत तणावाची लक्षणे अधिक होती आणि प्रशिक्षणानंतर लाळेतील कॉर्टिसॉल हे संप्रेरकही जास्त वाढलेले होते. खाऊ असेल की नाही हे अनिश्चित असलेल्या भांड्याकडेही ती कमी आशेने जात. शिवाय मार देणाऱ्याला कोपऱ्यात जाऊन, लपून घाण करणारे पिल्लू मिळते, कारण माणसासमोर करणे धोक्याचे आहे एवढेच ते शिकलेले असते. त्याला मातीच्या ट्रेमध्ये नेऊन उभे केले तरी आपल्यादेखत ते काही करत नाही.

'कुत्र्यावर वचक हवा, नाहीतर ते स्वतःला टोळीचे म्होरके समजते' हे मतही अशा वेळी पुढे केले जाते. त्याचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील कोंडलेल्या लांडग्यांवर केलेल्या, १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आहे. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने ती कल्पना सर्वदूर नेली. पण त्याच मेक यांनी पुढे उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समिअर बेटावर मुक्त लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली लिहिले, की नैसर्गिक टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंब. आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध असे उभे राहणे सोपे नसते.

चावण्याचे काय? पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, सुईसारखे. सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून ४२ कायमचे दात येतात. भावंडांशी खेळताना एकाने जोरात चावले की दुसरे कळवळते आणि खेळ थांबतो. आपणही तेच करावे. दात लागताच हात सैल सोडायचा, उठायचे, अर्धा मिनिट पाठ फिरवायची, मग चघळायचे खेळणे पुढे करायचे. हात झटकला आणि किंचाळत पळालो, तर पिल्लाला वाटते खेळ रंगला! पळवलेल्या मोज्याचेही तसेच. मागे धावू नये. दुसरी आवडती वस्तू दाखवावी, मोजा खाली पडला की 'सोड' म्हणावे आणि ती वस्तू द्यावी.

'बस' म्हणजे काय?

आज्ञा शिकवताना मराठी घरांत एक गंमत होते. पिल्लाला 'बस' शिकवतात. पण घरात दिवसभर 'बस झालं आता', 'बस, एवढंच वाढ', 'सातची बस चुकली' हे चालूच असते. आवाज एक, आणि बहुतेक वेळा त्यामागून काहीच घडत नाही. ज्या आवाजामागून काही येत नाही त्याकडे दुर्लक्ष करायला कोणताही शहाणा प्राणी शिकतो. भरीला आई म्हणते 'बस', बाबा म्हणतात 'सिट', आजी म्हणते 'खाली बस बघू शहाण्यासारखा'. 'ये' आणि कोणालाही हाक मारतानाचा 'ए' यांचेही असेच. मुलांशी मराठीत बोलणारी माणसेसुद्धा कुत्र्याशी इंग्रजीत का बोलतात, हे कोडे आम्हाला नेहमी पडते. येथे मात्र त्या शब्दांचा एक फायदा कबूल करायला हवा, की ते गप्पांत फारसे येत नाहीत. 'बैस' हा शब्दही तितकाच चांगला. शब्द कोणताही निवडा, घरातल्या सर्वांनी एकच वापरावा आणि तो एकदाच म्हणावा. 'बैस, बैस, अरे बैस ना' असे म्हटले तर चौथ्या शब्दाला बसायचे असते, असे पिल्लू शिकते.

शब्दाच्याही आधी हात. खाऊचा तुकडा पिल्लाच्या नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर गेले की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताक्षणी 'छान', आणि खाऊ. पाठीवर दाब द्यायची गरज नाही. पाच-सहा वेळा झाल्यावर तुकड्याशिवाय, नुसता हात तसाच फिरवावा. तेही जमल्यावर हाताच्या जरा आधी 'बैस' म्हणावे. माणसाच्या हाताकडे पाहणे हे कुत्र्यांच्या अंगातच आहे. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३७५ पिल्लांची चाचणी घेतली होती. ती मदतनीस कुत्री म्हणून वाढवली जाणारी, साधारण आठ आठवड्यांची रिट्रीव्हर जातींची पिल्ले होती. बोट दाखवले की खाऊ कोठे आहे हे त्यांना पहिल्यापासून उमगत होते. आपल्याकडे कोलकात्याच्या आयसर या संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या, कोणीही न शिकवलेल्या कुत्र्यांवर असेच प्रयोग केले. जवळ येण्याइतका विश्वास वाटलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री बोटाच्या दिशेने गेली. पूडलच्या हुशारीचे कौतुक करताना आपल्या गल्लीतले कुत्रेही आठवावे.

शिकवणीचा तास दोन-तीन मिनिटांचा पुरे. रोज तासभर घोटून घेण्याने लवकर येते, हा समज बरोबर नाही. डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांना टोपलीत जाऊन थांबायला शिकवले, तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेली कुत्री रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी पाठांत शिकली. पाठ अर्थातच जास्त दिवसांवर पसरले गेले. २०११ सालच्या या निष्कर्षाने शिक्षकांना फारसे आश्चर्य वाटू नये.

आता जेवणाच्या टेबलापाशीचे भुंकणे. त्या घरात याचे मूळ आजींच्या मायेत होते. त्या रोज नव्हे, पण एखाद्या दिवशी, 'बिचारं किती वेळ बघतंय' म्हणून पोळीचा तुकडा टाकत. बाकीच्यांना वाटे, क्वचितच तर देतात! पण अधूनमधून, अनिश्चितपणे मिळणारे प्रबलक हे सर्वांत चिवट सवयी घडवते, हे स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात असंख्य प्रयोगांनिशी दाखवले आहे. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस वर्षानुवर्षे न लागताही घेतच राहतो, ते याच कारणाने. यातून बाहेर पडायचे तर तुकडा पूर्ण बंद करावा लागतो. आणि येथे एक सापळा आहे. बंद केल्यावर भुंकणे कमी होत नाही, पहिले काही दिवस ते वाढते. 'पूर्वी एवढ्याने काम व्हायचे, आता जरा जोर लावून पाहू' असा तो प्रकार. बहुतेक घरे नेमकी याच वेळी हार मानतात आणि तुकडा देऊन बसतात, म्हणजे जास्त जोराच्या भुंकण्याला बक्षीस मिळते. आजींना नुसते 'देऊ नका' म्हणून भागणारे नव्हते. त्यांच्याकडे दुसरे काम दिले, जेवण सुरू होताना पिल्लू त्याच्या चटईवर गेले की तेथे चघळायचे खेळणे ठेवण्याचे. देणारा हात तोच राहिला, देण्याचा क्षण बदलला. (कांदा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहेत, हेही तेव्हाच सांगून टाकले.)

एका गोष्टीला मात्र थांबायला सवड नाही. अमेरिकेतील बार हार्बरच्या प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी काही पिल्ले उंच कुंपणाच्या मैदानात माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली आणि वेगवेगळ्या वयांत एकेक आठवडा माणसांत आणली. सातव्या आठवड्याच्या सुमारास आणलेली लवकर रुळली. चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस न पाहिलेली पिल्ले पुढे पुष्कळ प्रयत्न करूनही नीट माणसाळली नाहीत. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्याचा काळ संवेदनक्षम मानला जातो. या काळात पाहिलेले, ऐकलेले, हुंगलेले 'ओळखीचे' ठरते. नंतर भेटणाऱ्या नव्या गोष्टीची आधी भीती वाटते.

अडचण अशी, की लसी पूर्ण व्हायच्या असतात नेमक्या याच काळात, आणि रस्त्यावर पार्व्हो विषाणूचा धोका खराच असतो. मग पिल्लाला पूर्ण कोंडून ठेवावे का? प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट मत दिले, की पहिल्या लसीनंतर काळजी घेऊन सामाजिक ओळख सुरू करावी. पशुवैद्याच्या सल्ल्याने पिल्लाला कडेवर घेऊन रिक्षा, शाळेची मुले, छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला टपालवाला, भाजीवाल्याची आरोळी हे सारे लांबून दाखवता येते. कुकरच्या शिट्टीची ओळख घरात आपोआप होते. ढोल-ताशे आणि फटाके यांची मात्र जाणीवपूर्वक करून द्यावी लागते. ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावायचा, सोबत खाऊ, आणि पिल्लू निवांत असेल तरच दुसऱ्या दिवशी किंचित मोठा. 'होईल सवय' म्हणून एकदम मिरवणुकीत नेले, तर सवय होण्याऐवजी भीती वाढते. एकाच आवाजाचे असे दोन उलट परिणाम होतात. फरक असतो तो त्याच्या तीव्रतेचा आणि पिल्लाला तेथून दूर जाता येते की नाही याचा.

पूडलच्या बाबतीत यात कंगवा आणि कात्रीची भर घालावी. त्याचे केस फारसे गळत नाहीत, वाढत राहतात आणि गुंततात. कुत्र्यांच्या केसांची बहुतेक सारी विविधता तीन जनुकांच्या प्रकारांनी समजावता येते, असे २००९ साली दिसून आले. लांब केस, कुरळेपणा आणि मिशा-भुवयांचे झुपके हे तिन्ही गुण पूडलमध्ये एकत्र दिसतात. जन्मभर दर काही आठवड्यांनी केस कापणे आले. म्हणून पहिल्याच आठवड्यापासून रोज मिनिटभर पंजा हातात घेणे, कान उचलून पाहणे, कंगवा नुसता टेकवणे, आणि प्रत्येक वेळी खाऊ. गुंता झाल्यावर प्रथमच कंगवा लावला, तर पिल्लाच्या लेखी कंगवा म्हणजे वेदना हे समीकरण एका दिवसात पक्के होते.

एवढे सगळे जमल्यावर, सात-आठ महिन्यांच्या वयात, शिकलेले पिल्लू अचानक ऐकेनासे होते. ब्रिटनमध्ये अंधांसाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांवरील २०२० सालच्या अभ्यासात असे आढळले, की आठव्या महिन्यात ही कुत्री सांभाळणाऱ्या माणसाची 'बैस' ही आज्ञा टाळत, पण परक्या माणसाची पाळत! वर्षाचे होईपर्यंत हे ओसरले. पौगंडावस्था आहे, आधीचे शिक्षण वाया गेलेले नाही. या काळात आज्ञा सोप्या कराव्यात, खाऊ पुन्हा प्रत्येक वेळी द्यावा, आणि आवाज चढवू नये.

पुण्यातले ते पिल्लू आता नऊ महिन्यांचे आहे. परत देण्याची भाषा केव्हाच थांबली. लिफ्टचे दार वाजले की ते अजून भुंकते, आणि सध्या वहीत दार केव्हा वाजले, त्यानंतर घरातल्या कोणी काय केले, याच्या नोंदी चालू आहेत.